उंची कमी, जागा पुढची : व्हॉलीबॉलमध्ये नेटवर खेळायला शिकताना

व्हॉलीबॉलच्या मैदानावर नवं पोरगं आलं की पहिली नजर त्याच्या उंचीवर जाते. साडेपाच फुटांचं असलं की ठरलेलं वाक्य येतं : "तू मागं थांब, उचलायचं काम कर." हा सल्ला अर्धाच उपयोगी आहे. व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस परत मिळवली की सहाही जण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एक-एक जागा सरकतात. सहापैकी तीन जागा नेटच्या, म्हणजे दोन, तीन आणि चार नंबर. तुम्ही लिबेरो (फक्त मागच्या फळीत खेळून बॉल उचलणारा खेळाडू) नसाल तर रोटेशन तुम्हाला निम्मा वेळ नेटवर आणून उभं करणारच. त्या तीन फेऱ्यांत तुम्ही नुसते उभे राहिलात, तर समोरचा संघ पहिल्या सेटमध्येच ते ओळखतो आणि प्रत्येक बॉल तुमच्या डोक्यावरून मारायला लागतो.

म्हणून मुलगा १७५ सेंमीपेक्षा किंवा मुलगी १६३ सेंमीपेक्षा कमी उंचीची असली तरी नेटवरचं काम शिकलंच पाहिजे. उंची वाढत नाही, पण कमी पडणारे १०–१५ सेंमी तुकड्या-तुकड्यांनी भरून काढता येतात. थोडे रनअपमधून मिळतात, थोडे वेळेच्या अचूकतेतून, थोडे बॉल नेटपासून किती लांब घेतला त्यातून. राहिलेलं अंतर समोरच्या ब्लॉकचेच, म्हणजे मार अडवायला नेटवर हात वर करून उडणाऱ्यांचेच, हात वापरून भरायचं.

आधी भिंत आणि खडू

उंची विसरा, पोहोच मोजा. भिंतीला खांदा टेकवून उभं राहा, टाचा जमिनीवर ठेवा, मारायचा हात सरळ वर ताणा आणि मधल्या बोटाच्या टोकाला खडूची खूण करा. ही उभी पोहोच. मग बोटांना खडू लावून जागेवरून उडी मारा आणि दुसरी खूण करा. शेवटी रनअप घेऊन तिसरी. प्रत्येक उडी तीनदा मारायची आणि सर्वांत वरची खूण धरायची. रनअपची उडी भिंतीवर मोजताना भिंतीवर आदळू नका. तिरकं येऊन भिंतीला समांतर उडा. बास्केटबॉलच्या पोलला टेप बांधून मोजता आलं तर त्याहून बरं.

आता हिशेब. पुरुषांचं नेट २.४३ मीटर, महिलांचं २.२४ मीटर. बॉलचा घेर ६५ ते ६७ सेंमी, म्हणजे त्रिज्या साडेदहा सेंमीच्या आसपास. नेटला न लागता बॉल सपाट पलीकडे जायचा तर त्याचा मध्य २५४ सेंमीवर हवा. तळहाताचा मध्य बोटांच्या टोकापासून साधारण ११ सेंमी खाली असतो. म्हणजे बोटांची टोकं किमान २६५ सेंमीला पोहोचली पाहिजेत. महिलांच्या नेटसाठी हाच आकडा २४६ सेंमी.

साडेपाच फुटांच्या मुलाची उभी पोहोच २१८ सेंमी आली, असं धरू. त्याला ४७ सेंमीची उडी लागेल, आणि तीही नुसता सपाट बॉल ढकलण्यापुरती. जोरात मारायचं तर आणखी ८–१० सेंमी हवेत. ५५ सेंमी हा आकडा भिंतीशेजारी खडूनं लिहून ठेवा. तो आवाक्यातला आहे, पण महिन्याभरात येणारा नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेतला फरकही बघा. रनअपची उडी जागेवरच्या उडीपेक्षा ५ ते १० सेंमी जास्त असायला हवी. फरक दोन-तीन सेंमीच असेल, तर तुमचे पाय कमजोर नाहीत, रनअप चुकतोय. असं असेल तर व्यायाम वाढवायच्या आधी रनअप दुरुस्त करा.

नेटही मोजा

गावातल्या मैदानावर दोन पाइप रोवून बांधलेलं नेट मध्यभागी हमखास लोंबतं. कडेला २.४३ आणि मध्ये २.३५, हे नेहमीचं दृश्य. नियमाप्रमाणे उंची मैदानाच्या मध्यावर मोजायची, आणि दोन्ही साइडलाइनवरची उंची सारखी असून ठरलेल्या उंचीपेक्षा २ सेंमीहून जास्त नसावी. उंच खेळाडूला या ढिलाईनं काही फरक पडत नाही. तुमच्यासाठी मात्र आठ सेंमी म्हणजे सगळा खेळ. लोंबत्या नेटवर चार महिने सराव केलेला पोरगा स्पर्धेच्या ताणलेल्या नेटवर गेला की त्याचे बॉल पट्टीत अडकतात आणि त्याला कारणच कळत नाही. एका काठीवर २.४३ आणि २.२४ अशा दोन खुणा करून ती मैदानावरच ठेवा आणि सरावाआधी रोज लावून बघा.

शिकताना नेट मुद्दाम खाली घेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते जरूर करा. मुलांनी २.२५च्या आसपास सुरुवात करावी. हाताची फेक आणि मनगट बसलं की दर दोन-तीन आठवड्यांनी ३ ते ५ सेंमी वर न्यावं. पूर्ण उंचीवर पहिल्या दिवसापासून मारायला गेलं की हात खालून वर घासण्याची सवय लागते. बॉल कसाबसा पलीकडे जातो, पण ती सवय मोडायला वर्ष जातं.

जागा : चार नंबर मागून घ्या

सर्व्हिस लागली की खेळाडूंना जागा बदलता येते, त्यामुळे पुढच्या फळीत आलात तरी नेमकं कुठं खेळायचं हे ठरवता येतं. कमी उंचीच्या उजव्या हाताच्या नवशिक्यानं चार नंबर, म्हणजे नेटची डावी बाजू धरावी. कारणं दोन.

एक, चार नंबरवर येणारा बॉल उंच आणि सावकाश असतो. पूर्ण रनअप घ्यायला वेळ मिळतो, आणि रनअप हीच तर तुमची पुंजी. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. चार नंबरच्या समोर प्रतिस्पर्ध्याचा दोन नंबर ब्लॉकला असतो, आणि बहुतेक संघांत तिथं सेटर खेळतो. सेटर म्हणजे मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा, आपल्याकडे अजून पुष्कळ जण ज्याला लिफ्टर म्हणतात तो. तो अनेकदा त्या संघातल्या बुटक्यांपैकी एक असतो. म्हणजे कडेचा ब्लॉक तुमच्याच मापाचा मिळतो.

उलट दोन नंबरवर उभे राहिलात तर समोर त्यांचा चार नंबरवाला, बहुधा सर्वांत जबर मारणारा येतो, आणि त्याला थोपवायचं काम तुमच्या गळ्यात पडतं. डावखुऱ्यानं मात्र दोन नंबरचा विचार करावा. त्या बाजूला बॉल त्याच्या हातावर सरळ येतो आणि ब्लॉकची अडचण त्यात भरून निघते. तीन नंबरला दोन्ही बाजूंना धावून ब्लॉक करावा लागतो; ती जागा सध्या उंच माणसाला द्या.

सेटर होणं हाही नेटवर टिकण्याचा रस्ता आहे. जपानची योशिए ताकेशिता १५९ सेंमीची. २००६च्या महिला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपाननं तिच्यासह कांस्यपदक मिळवलं. पण सेटिंग हा स्वतंत्र विषय आहे. इथून पुढचं सगळं मारणाऱ्यासाठी.

रनअप : सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा

उजव्या हाताच्या खेळाडूची तीन पावलं अशी : डावा, उजवा, डावा. डावखुऱ्यानं उलट करायचं. सुरुवात नेटपासून तीन ते साडेतीन मीटरवर, म्हणजे अ‍ॅटॅक लाइनच्या (नेटपासून तीन मीटरवरच्या रेषेच्या) थोडं मागं आणि साइडलाइनच्या जरा बाहेर.

पहिलं डावं पाऊल छोटं आणि सावकाश. ते फक्त दिशा ठरवतं.

दुसरं उजवं पाऊल लांब, झपकन आणि टाच आधी टेकवून. याच वेळी दोन्ही हात मागं, कमरेच्या वर जातील इतके फेकायचे. हे पाऊल आखूड पडलं की उडी मेलीच. पुढं जाण्याचा वेग वर वळवायचं काम हेच पाऊल करतं.

तिसरं डावं पाऊल लगेच त्याच्या शेजारी, किंचित पुढं, पंजा उजवीकडं वळवून. "टप्…टप्-टप्" असा ताल ऐकू आला पाहिजे. पहिल्या आणि दुसऱ्या पावलात अंतर, दुसऱ्या-तिसऱ्यात जवळजवळ नाहीच. मग दोन्ही पायांवरून वर, हात खालून जोरात वर उचलत. हातांची ही उचल उडीत स्वतःचा वाटा घालते. हात लोंबते ठेवून उडणारा फुकट सेंटीमीटर घालवतो.

कोल्हापुरात एक खास अडचण येते. इथली बरीच मुलं फुटबॉल खेळून व्हॉलीबॉलकडं येतात, आणि त्यांचा पाय सवयीनं एकट्यानं उडतो, हेडरला उडतो तसा. एका पायावरची उडी लांब जाते, त्यामुळं माणूस नेटमध्ये घुसतो. अशा खेळाडूनं पहिले दोन आठवडे बॉल हातातच घेऊ नये. जमिनीवर खडूनं तीन पावलं आखून रोज ४० वेळा कोरडा रनअप करावा, आणि जिथून उडालात तिथून पुढं अर्ध्या मीटरच्या आत उतरता येतं का ते पाहावं. तालमीतून आलेल्या मुलांची गोष्ट उलटी असते. त्यांची कंबर छान खाली बसते, पण ती बसलेलीच राहते. त्यांनी शेवटच्या दोन पावलांच्या वेगावर काम करावं.

आता वेळ. नवशिक्यांच्या शंभरातल्या बहुतेक चुका लवकर उडण्याच्या असतात. बॉल वर गेला की पाय थांबत नाहीत. मग खेळाडू हवेतून खाली येत असताना बॉल त्याच्या हातापर्यंत पोहोचतो. उंच सेटसाठी, म्हणजे सेटरनं उंच उचलून दिलेल्या बॉलसाठी, साधा नियम धरा : बॉल वर चढत असताना पहिलं सावकाश पाऊल, बॉल वरच्या टप्प्यावरून खाली वळला की शेवटची दोन.

अचूक वेळेचं महत्त्व तुमच्यासाठी जास्त आहे, आणि त्यामागं साधा हिशेब आहे. ५६ सेंमीच्या उडीत माणूस हवेत सुमारे ०.६८ सेकंद असतो. त्यातला निम्मा वेळ, म्हणजे सुमारे एक तृतीयांश सेकंद, तो वरच्या १४ सेंमीत असतो. सहा फुटी खेळाडू उडीच्या मध्यावर असतानाही बॉल नेटवरून मारू शकतो. तुमचं सगळं काम त्या वरच्या १४ सेंमीतच आहे. वेळ चुकली की उडी असून नसल्यासारखी.

वेळ बसवायला मारायचं सोडून द्या आणि झेला. जोडीदारानं दोन्ही हातांनी बॉल उंच टाकायचा, तुम्ही रनअप घेऊन उडीच्या टोकावर तो दोन्ही हातांनी कपाळासमोर वर पकडायचा. २० वेळा. हात पूर्ण ताणलेले असताना बॉल हाती आला तर वेळ बरोबर. कोपर वाकवून पकडावा लागला तर तुम्ही बॉलच्या खाली घुसलात किंवा वेळ चुकली. हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण महिनाभर रोज केलेल्याला तो कधी वाया गेलेला नाही.

हात

उडताना डावा हात बॉलकडं बोट दाखवल्यासारखा वर. उजवं कोपर कानाच्या पातळीला किंवा त्याच्या वर, मागं खेचलेलं. मग डावा हात पोटाकडं ओढला की उजवा खांदा आपोआप पुढं येतो. बॉल डोक्यावर नाही, उजव्या खांद्याच्या समोर एक वीतभर पुढं हवा. तळहात उघडा, बोटं पसरलेली आणि घट्ट. बॉलच्या मध्याच्या थोडं वर हात बसवून मनगट पुढं मोडायचं म्हणजे बॉल पुढं फिरत जातो. ही फिरकी बॉलला खाली ओढते. कमी उंचीच्या खेळाडूचा बॉल मैदानात पडतो तो हिच्यामुळंच.

घरी सरावासाठी भिंत पुरते. भिंतीपासून तीन-चार मीटरवर उभं राहून बॉल जमिनीवर असा मारा की तो टप्पा घेऊन भिंतीला लागेल आणि तुमच्या डोक्यावरून परत येईल. ५० वेळा. बॉल वेडावाकडा परत येत असेल तर तळहात बाजूला घसरतोय. आवाज 'ठप्प' न येता 'चट' असा आला तर फक्त बोटंच लागताहेत.

बॉल नेटपासून लांब मागा

इथं अनेक जण उलटं करतात. उंची कमी म्हणून बॉल नेटला चिकटून मागतात. नेटला चिकटलेला बॉल ब्लॉकवाल्याचा असतो. त्याचे हात नेटच्या पलीकडे आलेले असतात, तुम्हाला हात फिरवायला जागा नसते, आणि मारल्यावर हात किंवा पोट नेटला लागून फाउल होतो.

सेटरला स्पष्ट सांगा : नेटपासून एक ते सव्वा मीटर आत, अँटेनापासून (साइडलाइनच्या वर नेटला बांधलेल्या काठीपासून) अर्धा मीटर अलीकडं, आणि उंच. तिथून मारलेला बॉल नेट ओलांडेपर्यंत जवळजवळ सपाट जातो आणि नेटनंतर फिरकी आणि वजन मिळून खाली वळतो. त्यामुळं तुमचं लक्ष्य तीन मीटरच्या आतली जमीन नाही. तुमचं लक्ष्य मागचे दोन कोपरे, एक आणि पाच नंबर, शेवटच्या रेषेच्या आतला दीड मीटरचा पट्टा. नेटजवळ बॉल ठोकून उसळवणं दिसायला भारी असतं, पण त्यासाठी लागणारा कोन तुमच्या उंचीतून निघत नाही. प्रयत्न केला की बॉल पट्टीत जातो. सरावात त्या दोन कोपऱ्यांत एक-एक टॉवेल टाका आणि २० पैकी किती बॉल टॉवेलच्या दोन पावलांच्या आत पडतात ते मोजा. ८ पडू लागले की तुम्ही सामन्याला तयार आहात.

समोर दोन जणांचा ब्लॉक उभा राहिला तर

इथं बुटका खेळाडू सर्वांत जास्त शिकू शकतो. जपानचा युजी निशिदा १८७ सेंमीच्या आसपास आहे. आपल्याकडं ही उंची दांडगी, पण आंतरराष्ट्रीय सामन्यात त्याच्यासमोर दोन मीटरचे ब्लॉकवाले असतात. तरीही त्याच्या मारावर संघ अवलंबून असतो. ब्लॉकच्या वरून मारणं हा एकच मार्ग नाही.

पहिला मार्ग : ब्लॉकला लावून बाहेर. चार नंबरवरून मारताना कडेच्या ब्लॉकवाल्याचा उजवा हात साइडलाइनच्या बाजूला असतो. त्या हाताच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर बॉल मारायचा आणि मारता मारता मनगट बाहेर वळवायचं. बॉल हाताला लागून बाहेर गेला की पॉइंट तुमचा. यासाठी जोर ७० टक्के पुरतो, नेम महत्त्वाचा. दुसरा प्रकार, बोटांच्या टोकांवर उंच मारायचं. बॉल बोटांना घासून मागं मैदानाबाहेर उडतो. उंच ब्लॉकवाल्यांचे हात जास्त वर असतात, म्हणून ही बोटं तुम्हाला अधिक स्पष्ट दिसतात. सरावाला एक गडी खुर्चीवर उभा करून त्याला नेटवर हात धरायला सांगा, आणि फक्त त्याच्या बाहेरच्या हातावर मारा. त्याची बोटं घट्ट हवीत, नाहीतर दुखापत होईल.

दुसरा मार्ग : परत मागून घेणं. सेट वाईट आला, ब्लॉक पुरता बांधला गेला, तर जोर लावून आत्मघात करू नका. बॉल ब्लॉकच्या हातावर हलका, थोडा वरच्या दिशेनं आपटा, म्हणजे तो तुमच्याच बाजूला सावकाश परत येतो. ब्लॉकला लागून परत आला की तुमच्या संघाला पुन्हा तीन टच मिळतात. मागं कव्हरला, म्हणजे असा परत आलेला बॉल उचलायला, उभ्या असलेल्यांना हे आधी माहीत हवं. मैदानावर एक शब्द ठरवून घ्या.

तिसरा मार्ग : प्लेसिंग. पूर्ण रनअप, पूर्ण उडी, हात मागं खेचलेला, आणि शेवटच्या क्षणी बोटांच्या टोकांनी बॉल ब्लॉकच्या वरून लगेच मागं सोडायचा. नवशिके प्लेसिंग करायचं ठरलं की रनअपच सावकाश घेतात, त्यामुळं मागच्या गड्याला आधीच कळतं. बॉल पकडून फेकल्यासारखा करू नका, पंच लगेच शिट्टी वाजवतात. पाच मारांत एकापेक्षा जास्त प्लेसिंग नको.

आणि चौथा, दोघांच्या हातांतली फट. कडेचा आणि मधला ब्लॉकवाला वेळेवर जुळले नाहीत की त्यांच्या मध्ये एक बॉल जाईल एवढी जागा राहते. ती हवेत असताना दिसते, पण फक्त बॉलकडं टक लावून बसलेल्याला दिसत नाही. शेवटच्या पावलाला एकदा नेटकडं नजर टाकायची सवय लावा.

ब्लॉक : थोपवू नका, मवाळ करा

तुमची बोटं जागेवरच्या उडीत नेटच्या वर किमान १५ सेंमी येत असतील तर हात पलीकडे घालून ब्लॉक करा. समोरच्यानं बॉल मारल्यावर पलीकडच्या बाजूचा बॉल अडवायला नियमाची हरकत नाही. त्याहून कमी येत असतील तर मवाळ ब्लॉक शिका. हात नेटजवळ सरळ वर, मनगटं मागं झुकलेली, तळहात थोडे आभाळाकडं. बॉल तळहातांना लागून वर आणि मागं उडतो, त्याचा वेग मरतो, आणि मागची माणसं तो सहज उचलतात. ब्लॉकचा टच तीनमध्ये मोजत नाहीत. म्हणजे त्यानंतरही संघाकडं तीन टच पूर्ण शिल्लक, आणि ब्लॉक करणारा स्वतःही पुढचा टच घेऊ शकतो. बुटक्या खेळाडूनं पाच बॉल मवाळ करून दिले तर ते पाच पॉइंट वाचवल्यासारखेच.

हात छातीसमोर, खांद्याच्या पातळीला तयार ठेवा. खालून वर फिरवत नेले तर ते नेटला लागतात. मारणारा उडाल्यावर क्षणभर थांबून उडा; बॉल नेटपासून लांब असेल तर आणखी उशिरा. मारणाऱ्याचा खांदा बघा, बॉल बघत बसू नका. अंगठे वर आणि बोटं ताठ. सैल बोटांवर बॉल आदळला की सांधा मुरगळतो. तसं झालंच तर बर्फ लावा, शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधा. सूज दोन दिवसांत उतरली नाही किंवा बोट वाकडं दिसलं तर एक्स-रे काढा. बोट ओढून 'बसवायला' कुणालाही देऊ नका.

ब्लॉकमध्ये तुमची जागा कुठली, हे मागच्या खेळाडूशी आधी ठरवा. तुम्ही सरळ लाइन (साइडलाइनलगतचा मार) बंद करणार की क्रॉस (तिरका मार)? दोन्ही बंद करायला गेलेला काहीच बंद करत नाही. उतरताना पायाकडं लक्ष द्या. मधल्या रेषेच्या पूर्ण पलीकडे पाऊल गेलं की फाउल, आणि दुसऱ्याच्या पायावर उतरून घोटा मुरगळण्याची हीच जागा.

मार पलीकडच्या चार नंबरवरून येत असेल आणि तुम्ही आपल्या चार नंबरवर असाल, तर ब्लॉकला जाऊच नका. झटकन नेट सोडून तीन मीटरच्या रेषेवर या आणि खाली बसा. तीव्र क्रॉस मार आणि ब्लॉकमागचं प्लेसिंग दोन्ही इथंच पडतात. उंच खेळाडूला हे सरकणं जड जातं. तुम्हाला ते हातखंडा झालं पाहिजे.

उडी वाढवताना

आपल्याकडं जोर-बैठकांची जुनी परंपरा आहे आणि बैठका मांड्या घडवतात यात शंका नाही. पण पाचशे बैठकांनी दम वाढतो, उडीचा झटका नाही. झटक्यासाठी कमी वेळा, पूर्ण जोरात, पुरेशा विश्रांतीनं काम करावं लागतं. पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोन दिवस ताकद : वजन घेऊन बैठका ३ × ८ (आठ-आठचे तीन संच), पुढं पाऊल टाकून बैठक प्रत्येक पायावर ३ × ८, टाचा उचलणं ३ × १५, प्लँक ३ × ४० सेकंद. त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस उड्या : पाच-पाच उड्यांचे पाच-सहा संच, मध्ये दीड ते दोन मिनिटं थांबून. सुरुवातीला दिवसाला एकूण ४० ते ६० उड्या, त्यात मैदानावरच्याही धरायच्या. दोन उडीच्या दिवसांत किमान ४८ तासांचं अंतर.

उतरणं उडण्याइतकंच शिका. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, गुडघे आत न वळवता, आवाज न करता. गुडघ्याच्या वाटीखाली टोचल्यासारखं दुखू लागलं तर उड्या थांबवा. हे दुखणं सहन करत खेळलेली मुलं हंगामच्या हंगाम गमावतात.

जमिनीचा विचार करा. रंकाळ्याच्या काठी पळा, पण काँक्रीटवर आणि फरशीवर उड्या मारू नका. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, उघडी मैदानं चिखलाची होतात आणि रनअपचं लांब पाऊल तिथं घसरतं. तेवढे चार महिने भिंतीवरचा सराव आणि ताकद यांना द्या. ओळखीची तालीम असेल तर वस्तादांना विचारून, अनवाणी, हौदाच्या मातीत उड्या मारता येतात. सांध्यांना ती माती फार चांगली. मऊ मातीत उडी कमीच दिसते, त्यामुळं तिथं मोजू नका आणि खट्टू होऊ नका. मोजायचं ते चार आठवड्यांतून एकदा, त्याच भिंतीवर, त्याच बुटांत. आणि सकाळच्या सरावाआधी मिसळ नको. तर्रीचं पोट घेऊन रनअप होत नाही. ती नंतर खा.

प्रशिक्षकांसमोर

उंचीवरून ठरलेलं मत बोलण्यानं बदलत नाही. वही ठेवा. प्रत्येक सराव-सामन्यात तुमच्या मारांचे तीन रकाने : थेट पॉइंट, चालू राहिलेला बॉल, चूक. ब्लॉक होऊन आपल्याच बाजूला पडलेला बॉल चुकीतच धरायचा. २० मारांत ७ पॉइंट आणि ३ चुका असतील तर पॉइंटमधून चुका वजा करून ४, त्याला २० नं भागून ०.२०. उंच पण बेभरवशाच्या खेळाडूचा हाच आकडा काढला तर तो पुष्कळदा शून्याच्या खाली निघतो. जोडीला चौथा रकाना मवाळ ब्लॉकचा, म्हणजे तुमच्या हाताला लागून आपल्या माणसांनी उचललेले बॉल. पाच-सहा सामन्यांची पानं भरली की ती वही प्रशिक्षकांना दाखवा आणि पुढच्या सामन्यात एक सेट चार नंबर मागा.